सातबारा दुरुस्त होताना

सरकारी कार्यालयातील सेवा सुधारायची म्हटले की आपल्याकडे आधी नवे पोर्टल येते. सेवा खरी सुधारते ती पुढे, चालू कामात निघणाऱ्या चुका पाहून कामाची पद्धत पुन्हा पुन्हा बदलण्याची तयारी असेल तर. आणि याचे मला पटलेले उदाहरण म्हणजे महाराष्ट्रातील सातबाऱ्याचे संगणकीकरण.

हस्तलिखित उतारे संगणकात भरले गेले तेव्हा दप्तरातील जुन्या चुका तशाच उतरल्या आणि टंकलेखनाच्या नव्या चुकांची त्यांत भर पडली. गटाचे एकूण क्षेत्र 2 हेक्टर 40 आर, पण खातेदारांच्या नावांपुढील क्षेत्रांची बेरीज 2 हेक्टर 44 आर, अशा तऱ्हेचे उतारे निघू लागले. महसूल विभागाने दुरुस्तीसाठी एडिट मॉड्युल दिले, ते अपुरे पडल्यावर री-एडिट आले, आणि 2017 मध्ये गावोगावी चावडीवाचन करून, म्हणजे उतारे गावकऱ्यांसमोर वाचून दाखवून, खातेदारांच्या हरकती घेण्यात आल्या. यांतील चावडीवाचन मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण बांधापलीकडे कोणाची किती जमीन आहे हे ज्याला तोंडपाठ असते, तोच त्यात तपासनीस झाला. (सर्व्हर मंद म्हणून रात्री जागून नोंदी करणाऱ्या तलाठ्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही.) डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला, तो या फेऱ्यांनंतरच.

ही चिकाटी नंतर टिकली नाही, असे माझे मत आहे. आज चूक आढळली तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. आदेश होतो, तो एक उतारा दुरुस्त होतो आणि प्रकरण बंद होते. क्षेत्राचा मेळ बसत नसेल तर ते ओडीसी अहवालात, म्हणजे संगणकाने काढलेल्या विसंगतींच्या यादीत, दिसते, पण सोसायटीचे कर्ज फिटूनही सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यात राहिलेला बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, संगणकाला कशी कळणार? लोकसेवा हक्क अधिनियमाने 2015 मध्ये सेवांना मुदत लावली हे चांगलेच झाले. मात्र मुदतीत हाती पडलेला चुकीचा उताराही त्या हिशेबात वेळेवर दिलेली सेवाच ठरतो.

माझी सूचना साधी आहे. तहसील कार्यालयाने दर तिमाहीला कलम 155 च्या आदेशांची चुकीच्या प्रकारानुसार व गावानुसार वर्गवारी करावी, आणि ज्या गावातून तीच तक्रार वारंवार येते तिथे पुन्हा चावडीवाचन लावावे. सुरुवात इतर हक्काच्या रकान्यापासून आणि तीही उन्हाळ्यात व्हावी, कारण खरिपाच्या पीककर्जासाठी उतारा बँकेत गेल्यावर जुना बोजा ध्यानात आला, तर तो कमी करण्याचा फेरफार मंजूर होईपर्यंत पेरणीचे दिवस निघून जातात.