नाताळानंतरचा रविवार : बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चमध्ये

ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड भरावा लागत असे, त्याच मॅसॅच्युसेट्सच्या राजधानीत नाताळची उपासना अनुभवावी, या हेतूने मी हिवाळ्यात धाकट्या बहिणीकडे गेले होते. तो कायदा करणारे प्युरिटन, म्हणजे इंग्लंडहून आलेले कडवे प्रॉटेस्टंट, श्रद्धाहीन नव्हते. ख्रिस्तजन्माची तारीख पवित्र शास्त्रात कोठेही दिलेली नाही, मग माणसांनी ठरवलेला सण देवाच्या नावावर का खपवायचा, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो प्रश्न आजही विचार करण्याजोगा आहे. त्यांच्या या भूमीत वर्षभराचे सण, उपवास आणि नेमलेले शास्त्रपाठ घेऊन अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, उपासना आली ती १६८६ मध्ये, किंग्ज चॅपलच्या रूपाने. ट्रिनिटी पॅरिशची, म्हणजे येथील स्थानिक मंडळीची, स्थापना १७३३ मधली. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ शक्य नव्हती, म्हणून १७८९ मध्ये फिलाडेल्फियात येथील अँग्लिकनांनी आपली स्वतंत्र घटना आणि प्रार्थनापुस्तक मंजूर केले. तेच आजचे एपिस्कोपल चर्च.

मी नाताळच्या पूर्वसंध्येऐवजी नाताळानंतरचा पहिला रविवार मुद्दाम निवडला. पूर्वसंध्येला येथील मोठ्या चर्चांत प्रवासी, विद्यार्थी आणि वर्षातून एकदाच येणारी कुटुंबे यांची गर्दी असते, आणि ती असावीच. पण एपिस्कोपल पंचांगात २५ डिसेंबर ही नाताळची सुरुवात असते. तेथून ५ जानेवारीपर्यंत बारा दिवसांचा नाताळकाल चालतो आणि ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण येतो. बॉस्टनच्या रस्त्यांवर मात्र चित्र उलटे दिसते. दुकानांतील गाणी महिनाभर वाजून २६ तारखेला थांबतात आणि दोनतीन दिवसांत घरोघरची वाळू लागलेली नाताळची झाडे पदपथाच्या कडेला, कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत आडवी पडलेली दिसतात. अशा झाडांच्या रांगेवरून चालत आपण चर्चमध्ये शिरावे आणि आत हिरवाई, गव्हाण, पांढरी वस्त्रे, सारे काही जसेच्या तसे असावे, याचा मला फार आनंद झाला. जग जेथे सण आवरते घेते, तेथे उपासना त्याचा अर्थ लावायला बसते.

कॉपली स्क्वेअरमधील ट्रिनिटी चर्चची आजची इमारत १८७२ ते १८७७ या काळात उभी राहिली. समर स्ट्रीटवरची जुनी इमारत नोव्हेंबर १८७२ च्या मोठ्या आगीत भस्मसात झाली, पण नव्या जागेचा निर्णय त्यापूर्वीच झाला होता. हा चौक ज्यात येतो तो बॅक बे हा सारा भाग खाडीत भराव घालून तयार केलेला आहे. म्हणून वास्तुशिल्पी हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांनी सुमारे साडेचार हजार लाकडी खांब त्या ओल्या जमिनीत ठोकून त्यांवर हा दगडी डोलारा उभा केला. हे लाकूड पाण्याखाली राहिले तरच टिकते, वाळले की कुजते, त्यामुळे जमिनीखालील पाण्याची पातळी घसरू नये याची चिंता येथे पिढ्यानपिढ्या वाहिली गेली आहे. आत लांबट मंडप नाही. समभुज क्रुसाच्या आकाराची प्रशस्त जागा आहे, मध्यावर उंच मनोरा आहे आणि भिंतींवर गडद तांबडा रंग व जॉन ला फार्ज यांची चित्रे आहेत. पश्चिमेकडच्या त्यांच्या निळ्या काचचित्रात वैभवशाली ख्रिस्त उभा आहे. हिवाळ्यातल्या फिकट उजेडातही त्या निळ्याला जी खोली येते, ती मी दुसऱ्या कोणत्याही काचेत पाहिलेली नाही.

त्या रविवारचे पाठ मी आदल्या रात्रीच मराठी शास्त्रातून वाचून ठेवले होते. यशयाच्या ६१ व्या अध्यायाच्या शेवटी तारणाची वस्त्रे लेवून हर्षभरित झालेली, वधूवरांसारखी नटलेली व्यक्ती बोलते. गलतीकरांस पत्रात पौल सांगतो की काळाची पूर्णता झाली तेव्हा देवाने आपल्या पुत्राला पाठवले, तो स्त्रीपासून जन्मला आणि नियमशास्त्राधीन जन्मला, यासाठी की आपल्याला दत्तकपण मिळावे. या दोहोंच्या मध्ये १४७ वे स्तोत्र येते आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी सर्वांत खोलवर पोहोचले ते हेच स्तोत्र. देव लोकरीसारखे हिम पाडतो, राखेसारखे दहिवर पसरतो, गारा चुऱ्यासारख्या फेकतो, त्याच्या थंडीपुढे कोण टिकेल, असे स्तोत्रकर्ता विचारतो. पुण्यात मी हे स्तोत्र अनेकदा म्हटले आहे, पण तेथे ते दूरच्या देशाचे वर्णन वाटायचे. येथे रात्रभर बर्फ पडून गेलेला होता, लोकांच्या बुटांखाली त्याचे पाणी झाले होते, आणि आम्ही सारे उभे राहून तेच म्हणत होतो. त्यापुढची ओळ अशी आहे की देव आपला शब्द पाठवून ते सारे वितळवतो, वारा वाहवतो आणि पाणी वाहू लागते.

यानंतर शुभवर्तमानाचे पुस्तक मिरवणुकीने वेदीपासून लोकांच्या मध्यभागी आणले गेले, सर्वांनी त्याच्याकडे तोंड वळवले आणि योहानाचा पहिला अध्याय वाचला गेला. प्रारंभी शब्द होता. येथे एपिस्कोपल चर्चची एक निवड मला फार मोलाची वाटते. शास्त्रपाठांचे जे तीन वर्षांचे चक्र अनेक प्रॉटेस्टंट चर्चे समाईकपणे वापरतात, त्यात या रविवारचे शुभवर्तमान वर्षागणिक बदलते. एका वर्षी बाळाच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजापासून पळ, दुसऱ्या वर्षी मंदिरात बाळाचे समर्पण, तिसऱ्या वर्षी बारा वर्षांचा येशू. एपिस्कोपल चर्च मात्र तिन्ही वर्षी योहानाचीच प्रस्तावना वाचते. तीन दिवसांपूर्वी लूकाकडून गव्हाण, मेंढपाळ आणि देवदूत ऐकलेल्या माणसांना आता योहान सांगतो की ज्याच्याद्वारे सर्व काही झाले, तोच हा. योहानाच्या या पाठात मरिया नाही, योसेफ नाही, बेथलेहेम नाही. उजेड आहे, त्याला न ग्रासू शकणारा अंधार आहे, आणि शेवटी शब्द देही होऊन आमच्यामध्ये राहिला, हे विधान आहे.

स्तोत्र आणि शुभवर्तमान असे एकाच उपासनेत ऐकल्यामुळे मला एक गोष्ट प्रथमच स्पष्ट दिसली. स्तोत्रातला शब्द वरून सोडलेला असतो. राजाची आज्ञा धावत यावी तसा तो येतो आणि हिमाला हुकूम करतो. योहानाचा शब्द हुकूम करायला आलेला नाही, तो त्याच थंडीत राहायला आला आहे. ज्या थंडीपुढे कोण टिकेल असे स्तोत्रकर्त्याने विचारले, तिच्यात एक उघडे बाळ टिकून राहिले, हे त्या प्रश्नाचे नाताळाने दिलेले उत्तर आहे, असे मला वाटते. त्या रविवारच्या नेमलेल्या प्रार्थनेतही देहधारी शब्दाचा नवा प्रकाश आमच्या अंतःकरणांत पेटावा आणि आमच्या जीवनांतून दिसावा, एवढेच मागणे आहे. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची सभासद. १९७० मध्ये नागपुरात विविध चर्चांच्या ऐक्यातून स्थापन झालेले आमचे चर्च जागतिक अँग्लिकन कुटुंबाचाच भाग आहे, त्यामुळे वेदीजवळ गुडघे टेकून भाकर आणि द्राक्षारस घेताना परकेपणाचा लवलेशही नव्हता.

बाहेर, चर्चच्या भिंतीलगत फिलिप्स ब्रूक्स यांचा पुतळा आहे. ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी तो घडवला. उपदेश करणाऱ्या ब्रूक्स यांच्या मागे ख्रिस्त उभा असून त्याचा हात त्यांच्या खांद्यावर आहे. ब्रूक्स १८६९ ते १८९१ या काळात येथे रेक्टर, म्हणजे प्रमुख पाळक, होते, पुढे मॅसॅच्युसेट्सचे बिशप झाले आणि १८९३ च्या जानेवारीत वारले. १८६५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ते यरुशलेमहून घोड्यावरून बेथलेहेमला गेले होते. त्या आठवणीतून १८६८ मध्ये, फिलाडेल्फियाच्या पॅरिशमध्ये असताना, त्यांनी शब्बाथशाळेच्या मुलांसाठी एक गीत लिहिले आणि तेथील ऑर्गनवादक लुईस रेडनर यांनी त्याला चाल दिली. ‘ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम’ हे ते गीत. आम्ही ते त्या सकाळी म्हटले. त्याच्या शेवटच्या कडव्यात बेथलेहेमच्या बाळाला विनवणी आहे की तू आज आमच्यात जन्म घे. नुकताच योहान ऐकलेला असल्यामुळे, त्याचा स्वीकार करणाऱ्यांना देवाची मुले होण्याचा अधिकार मिळतो हे वचन कानात असतानाच ती विनवणी ओठांवर आली.

मराठी माणसाने या पुतळ्यापुढे थोडे अधिक थांबावे, असे मला मनापासून वाटते. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत आल्या आणि पुढे विधवांच्या शाळेसाठी गावोगावी बोलत राहिल्या. त्यांच्या मदतीसाठी डिसेंबर १८८७ मध्ये याच बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. युनिटेरियन पंथाचे एडवर्ड एव्हरेट हेल तिचे अध्यक्ष होते आणि उपाध्यक्षांमध्ये फिलिप्स ब्रूक्स होते. या संस्थेने दहा वर्षे पैसा पुरवण्याची हमी घेतली आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून महाराष्ट्राला माहीत झाली. ब्रूक्स स्वतः १८८२-८३ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात येऊन गेले होते. आपल्याकडच्या एका शाळेच्या पायात या चौकातल्या माणसांचाही पैसा आहे, ही गोष्ट बॉस्टनच्या कोणत्याही सहलीत सांगितली जात नाही. ती सांगितली गेली पाहिजे.

माझे स्वतःचे देऊळ पुण्याच्या गुरुवार पेठेतले, पंचहौदचे पवित्र नाम देवालय. टिळक-रानडे प्रभृतींनी मिशनमध्ये चहा घेतल्यावरून उठलेल्या १८९० च्या प्रकरणामुळे पंचहौद मिशनचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते, पण ते मिशन चालवणारे काउली फादर म्हणजे १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळ स्थापन झालेला सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट संघ होता, हे फारसे कोणी सांगत नाही. रमाबाईंवर ज्यांच्या पत्राचा मोठा परिणाम झाला, ते नीलकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे या फादरांच्या सहवासात राहिले. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला, तोही पुण्यात काम करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींच्या (व्रतस्थ स्त्रियांच्या) मातृगृहात. याच काउली संघाचे फादर १८७० मध्ये बॉस्टनला आले, आणि त्यांचा मठ आज चार्ल्स नदीच्या पलीकडे, केंब्रिजमध्ये आहे. नदीकाठाने चालत मी तेथवर गेले. आमच्या देवळात ज्यांनी मराठीतून उपासना घडवली, त्यांच्या बंधूंचे हे घर, आणि संघाचे नाव ज्याच्यावरून ठेवले तो योहान म्हणजे रविवारी ऐकलेल्या त्या प्रस्तावनेचाच लेखक.

१ जानेवारीला पवित्र नामाचा सण असतो, म्हणजे आमच्या देवळाचा नामदिन. त्या सकाळी मी बहिणीबरोबर तिच्या छोट्या पॅरिशमध्ये गेले. नववर्षाच्या सुटीमुळे मोजकीच माणसे होती. गायनवृंद नव्हता, एक बाई पियानो वाजवत होत्या. गणनाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद वाचला गेला, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो, आणि त्यानंतर लूकाच्या दुसऱ्या अध्यायातला तो भाग, ज्यात मेंढपाळ परत जातात, मरिया सारे मनात साठवून ठेवते आणि आठव्या दिवशी बाळाचे नाव येशू ठेवतात. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे होईपर्यंत मूल जसे नुसते बाळ असते, तसेच हे बाळ आठ दिवस होते. पाळकबाईंनी सांगितले की देवाने नाव घेतले म्हणजे त्याला कोणीही हाक मारू शकेल अशी सोय केली. उपदेश पाचच मिनिटांचा होता, पण मला त्यात काहीही कमी वाटले नाही.

नाताळानंतरच्या दुसऱ्या रविवारीही आम्ही तेथेच गेलो. या रविवारसाठी तीन शुभवर्तमानांतून एक निवडण्याची मुभा असते. मंदिरात हरवलेला बारा वर्षांचा येशू, मागी लोकांचे, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचे, आगमन, किंवा इजिप्तला पलायन. पुष्कळ जण मागी लोक निवडतात, कारण त्यांची भेटवस्तूंची मिरवणूक मुलांना आवडते. या पॅरिशने मत्तयाचा पलायनाचा वृत्तान्त निवडला. बाकांवर हैतीची, नायजेरियाची, केरळची कुटुंबे होती आणि आम्ही दोघी पुण्याच्या. योसेफ रात्रीच उठून बाळाला व त्याच्या आईला घेऊन निघाला हे वाक्य त्यांच्यातल्या काहींना दृष्टान्त म्हणून ऐकण्याची गरज नव्हती. मध्यस्थीच्या प्रार्थनेत, ज्यांची निर्वासित म्हणून कोर्टात तारीख होती अशा एका कुटुंबासाठी, नाव न घेता प्रार्थना झाली. नंतर कॉफीच्या खोलीत, तारखेच्या सकाळी त्यांच्याबरोबर कोर्टात कोण कोण जाऊन बसणार याचा कागद टेबलावर ठेवलेला होता. बहिणीने कामावरच्या वेळा फोनवर तपासल्या, अर्ध्या दिवसाची रजा निघते असे पाहिले आणि कागदावर आपले नाव लिहिले.