खंड्याला गोळी का देत नाही

"बाई, तुमच्या कुत्र्याचा थायरॉईड एवढा कमी आला होता, मग गोळी का बंद केलीत?" हा प्रश्न मला गेल्या दीड वर्षात शाळेत, किराणा दुकानात आणि एकदा तर हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातही विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांपैकी निम्म्याजणी रोज सकाळी उपाशीपोटी हीच गोळी घेतात, मीही घेते, आणि त्यामुळे या विषयातले आपल्याला कळते अशी आम्हा सर्वांचीच समजूत आहे. माझ्या त्या समजुतीची किंमत खंड्याने मोजली. एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे दारात उभे राहून अर्धवट सांगणे तरी संपेल.

खंड्या कारवानी जातीचा, माळेगावच्या यात्रेतून पिल्लू असताना आणलेला. सातव्या वर्षी तो मलूल झाला, मांड्यांवरचे केस विरळ झाले, आणि गल्लीतल्या मांजरीकडेही तो मान वळवून पाहीना. गावातल्या माणसांच्याच प्रयोगशाळेत त्याचे रक्त दिले. टी-फोर, म्हणजे थायरॉईड ग्रंथीतून येणारे संप्रेरक, आला 0.6, आणि शेजारच्या रकान्यात छापले होते 5.1 ते 14.1. मी तो कागद माझ्या स्वतःच्या कागदासारखा वाचला. त्या रकान्यातली मर्यादा माणसाची होती. कुत्र्याचा टी-फोर साधारण 1 ते 4 मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असतो, म्हणजे ठणठणीत कुत्र्यापुढेही त्या कागदाने 'कमी' असेच छापले असते. अर्थात 0.6 हा आकडा कुत्र्याच्या हिशेबानेही कमीच होता, तो खोटा होता असे मी म्हणत नाही. टीएसएच, म्हणजे ही ग्रंथी मंदावली की वाढणारे मेंदूकडचे संप्रेरक, मात्र 0.01 होता आणि मी त्यावर समाधान मानले, कारण माझा टीएसएच वाढला की माझी गोळी वाढते, आणि याचा तर वाढलेला नव्हता. माणसांच्या किटने कुत्र्याचा टीएसएच मोजताच येत नाही, त्यामुळे त्या आकड्याला काहीच अर्थ नव्हता, हे मला नंतर कळले.

एका डॉक्टरांनी फोनवरच मात्रा सांगितली: किलोमागे 0.02 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. खंड्याचे वजन पंचवीस किलो, म्हणजे एका वेळेला 500 मायक्रोग्रॅम. माझी स्वतःची गोळी दिवसाला 50 ची! मी घाबरले आणि माझ्या मनानेच निम्मी दिली. कुत्र्याच्या आतड्यातून हे औषध कमी शोषले जाते आणि जे रक्तात उतरते तेही काही तासांतच निम्मे होते. माणसात निम्मे व्हायला जवळपास आठवडा लागतो. मात्रा मोठी दिसते ती म्हणून. पण तेव्हा मी कोणालाही विचारले नाही.

तीन दिवसांत खंड्या उठून दारापर्यंत आला, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की निदान बरोबर होते.

एकोणिसाव्या रात्री पंख्याच्या आवाजातही मला त्याचे शिंकणे ऐकू आले. दिवा लावला तर पांढऱ्या फरशीवर रक्ताचे थेंब होते, पाण्याच्या भांड्याकडे गेलेले आणि तिथून परत आलेले, आणि खंड्याच्या उजव्या नाकपुडीतून रक्त गळत होते. बर्फ लावला, थांबले. पुन्हा सुरू झाले. पहाटे भाच्याने जीप काढली. एप्रिलचे दिवस होते, शिरूर ताजबंद मागे पडेपर्यंत ऊन चढले होते, आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोहोचेपर्यंत माझ्या मांडीवरचा टॉवेल ओला झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी माझी फाईल बाजूला ठेवून आधी त्याचा कान उलटा केला. कानाच्या घडीत एरंडीच्या बियांसारखे टम्म फुगलेले गोचीड होते. मी रोज त्या कानामागे खाजवत होते. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, निघाल्या 28,000. निदान दोन लाख तरी हव्या होत्या. गोचीड ताप होता, आणि तो बहुधा आधीपासूनच होता.

मग त्यांनी विचारले, "बाई, रक्त द्यायच्या आधी याला काय काय दिलं होतं?" खाजेसाठी मेडिकलवाल्याने दिलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या होत्या, पंधरा दिवस. हे मी आजवर गल्लीत कोणालाच सांगितलेले नाही. स्टेरॉईडने टी-फोर उतरतो, झटक्यांच्या काही औषधांनी उतरतो, आणि कोणत्याही मोठ्या आजारात ग्रंथी धडधाकट असूनही उतरतो. म्हणून आजारी कुत्र्याच्या कमी टी-फोरवरून थायरॉईडचे निदान करत नाहीत. चांगला टी-फोर रोग नाही असे बऱ्यापैकी खात्रीने सांगतो, पण वाईट टी-फोर एकट्याने रोग आहे असे सांगू शकत नाही. ही सरळ गोष्ट मला एकोणीस दिवस आधी कळायला हवी होती.

थायरॉईडची गोळी बंद झाली, गोचीड तापावरची डॉक्सीसायक्लिन अठ्ठावीस दिवस चालली, आणि नंतर आणखी सहा आठवडे थांबून, कुत्र्यांचे किट असलेल्या प्रयोगशाळेत रक्त पाठवले. टी-फोर 1.1, टीएसएच मर्यादेत, कोलेस्टेरॉल व्यवस्थित. ग्रेहाउंड, सालुकी यांसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांचा टी-फोर मुळातच खालच्या अंगाला असतो. कारवानी त्याच अंगकाठीचा, म्हणून डॉक्टरांनी 1.1 ला कमी म्हटले नाही.

"पण तीन दिवसांत तो उठला होता ना?" हा प्रश्न तुम्ही विचारता त्याआधी मीच मला विचारते. उठला होता. ही गोळी निरोगी कुत्र्यालाही तरतरी आणू शकते, केसही वाढवू शकते, त्यामुळे त्या उठण्याने काही सिद्ध होत नाही. आणि थायरॉईड खरोखर बिघडलेल्या कुत्र्यांपैकीही निदान पाचातल्या एकाचा टीएसएच मर्यादेतच निघतो, म्हणजे दुसऱ्या कागदानेही मला पूर्ण सोडवलेले नाही. मांड्यांवरचे केस अजून विरळच आहेत. डायलिसिस नावाच्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने मोजलेला फ्री टी-फोर (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा टी-फोर) आणि ग्रंथीविरुद्धच्या अँटीबॉडी या दोन तपासण्या राहिल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत करू असे ठरले आहे. त्यात रोग निघाला तर किलोमागे सांगितलेली मात्रा पूर्ण देईन, आणि महिना-दीड महिन्याने, गोळी दिल्यानंतर चार ते सहा तासांनी पुन्हा रक्त देईन.

तोपर्यंत रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन त्याचे दोन्ही कान उलटे करून पाहते. कालचा एक गोचीड मुगाएवढा होता, चिमट्याने काढून रॉकेलच्या बाटलीत टाकला.