क्रॉलरची मोटर: स्वस्त की महाग, आणि मधले २६ दिवस

पार्सलच्या कागदावर 'टॉय' हा एक शब्द होता. त्या एका शब्दापायी माझी मोटर २६ दिवस अडकून राहिली आणि दोन महिने उलटले तरी माझा राग गेलेला नाही. क्रॉलरसाठी, म्हणजे दगडांवर संथ चढणाऱ्या रिमोटच्या गाडीसाठी, परदेशातून मोटर मागवणाऱ्या कुणाचे तरी हे दिवस वाचावेत, म्हणून लिहितो आहे.

गाडी १/१० स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. तिच्यासोबत आलेली ५४० साइजची (हे मोटरचं एक ठरलेलं माप), ३५ टर्नची (तारेच्या ३५ वेढ्यांची) सीलबंद मोटर एप्रिलमध्येच गेली. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, आणि मी भर दुपारी नागपुरात सेमिनरी हिल्सच्या काळ्या दगडांवर तासभर गाडी चढवत होतो. मोटरवर बोट टेकवेना. सीलबंद मोटरचे ब्रश (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) जळाले, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात ते तांब्याचं कडं) काळा पडला की ती उघडून दुरुस्त करायची सोय नसते. बर्डीतला दुकानदार सरळ म्हणाला, "भाऊ, याच्यात ब्रश बदलता येत नाही न. फेकूनच द्या लागते."

त्याच्याकडून तशीच स्वस्त मोटर घेतली, हजार-बाराशेची. आणि त्याच रात्री परदेशातून महागडी मागवली: पाच स्लॉटची (आर्मेचरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, तारेसाठी पाच खाचा असलेली), उघडता येणारी, ब्रश आणि स्प्रिंग बदलता येणारी. घरपोच खर्च धरून किंमत सात-आठ पट. ऑर्डर, पैसे, विमानाचा प्रवास, सगळं सुरळीत झालं. नवव्या दिवशी ट्रॅकिंगवर 'होल्ड' दिसलं.

कुरिअर कंपनीला फोन केला तर म्हणे केवायसी हवी. आधार आणि पॅन त्याच दिवशी पाठवलं. (ऑर्डर करताना नाव आधारवर आहे तसंच पूर्ण लिहा. मी वडिलांचं नाव गाळलं होतं, तेवढ्यासाठी दोन दिवस गेले.) मग आठवडाभर शांतता. रोज फोन, रोज नवा माणूस, रोज नवा तक्रार क्रमांक आणि एकच वाक्य: "सर, शिपमेंट प्रोसेसमध्ये आहे." सातव्या दिवशी ई-मेल आला: बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्र सादर करा.

मोटरला बीआयएस? मी शोधायला बसलो. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर बीआयएसची खूण लागते, आणि ती हवीच. लेकरांच्या हातात काहीही जाऊ नये. पण माझ्या डब्यात खेळणं नव्हतं. मुठीएवढी एक लोखंडी नळी होती, आत तांब्याची तार. हे मी ई-मेलवर चार वेळा लिहिलं. चारही वेळा तेच छापील उत्तर आलं.

होल्ड लागल्याच्या पंधराव्या दिवशी सुट्टी टाकली आणि कुरिअर कंपनीच्या इथल्या शाखेत जाऊन बसलो. काउंटरवरचा पोरगा बिचारा चांगला होता, पण म्हणाला, "आमच्या हाती काहीच नाही सर, सारं मुंबईहून होते." मी म्हटलं, ठीक आहे, मला फक्त पार्सलच्या डिक्लरेशनची (आत काय आहे ते सांगणाऱ्या कागदाची) प्रत दाखव. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथे लिहिलं होतं: आरसी टॉय कार मोटर, कोड ९५०३.

पंधरा दिवस! कस्टम्सच्या वस्तूंच्या यादीत ९५०३ म्हणजे खेळणी. विद्युत मोटर ८५०१ मध्ये येते. विक्रेत्याने घाईत 'टॉय' लिहिलं असेल, पण पंधरा दिवसांत मला एकानेही सांगितलं नाही की कागदावर काय लिहिलं आहे. सगळे उत्तर मागत होते, प्रश्न कुणी दाखवत नव्हतं. तुमचं पार्सल अडकलं तर पहिल्याच दिवशी डिक्लरेशनची प्रत मागा. फोनवर नाही, लेखी.

त्यानंतर गाडं हललं. विक्रेत्याला रात्री लिहिलं, त्याने दोन दिवसांत दुरुस्त इन्व्हॉइस दिलं. मी एक पानी पत्र जोडलं: वस्तू ही मोटर, कोड हा, वापर स्वतःसाठी, सोबत पैसे भरल्याची पावती आणि मोटरच्या माहितीचं पान. बिलात ड्युटीसोबत गोदामाचं भाडंही लावलं होतं. चूक माझी नाही, असं लेखी कळवून ते मी काढायला लावलं. २६ व्या दिवशी डबा हातात आला.

आता मोटरबद्दल. दोन्ही मोटरींचा शाफ्ट बोटांनी फिरवून बघा. तीन स्लॉटची स्वस्त मोटर एका फेऱ्यात सहा ठिकाणी ठसठशीत अडते. पाच स्लॉटची दहा ठिकाणी, पण इतकी हलकी की लक्ष दिलं तरच कळतं. दगडावर नेमका हाच फरक पैसे मागतो. स्वस्त मोटरवर ट्रिगर हळूहळू दाबला तर आधी काहीच होत नव्हतं, मग गाडी एकदम उडी मारायची आणि पुढचं चाक दगडावरून सुटायचं. नव्या मोटरवर त्याच दगडाला चाक इंचाइंचाने वर जातं, मध्ये थांबतं, पुन्हा उचलतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा २६ दिवसांचा शीण उतरला.

तरी पहिली मोटर स्वस्तच घ्या, हे मी मनापासून सांगतो. त्या महिन्यात तिनेच मला गाडी शिकवली. मातीची वाट, गवत, उथळ पाणी, एवढंच चालवायचं असेल तर ती पुरते. पैसा जास्त टाकायचा तो दगडावर संथ चढाईसाठी, आणि तो टर्नच्या आकड्यासाठी नाही. टर्न म्हणजे आर्मेचरवरचे तारेचे वेढे. वेढे जास्त तर वेग कमी आणि तेवढ्याच करंटला जोर जास्त. ३५ की ५५ हे बॅटरी आणि गिअर बघून ठरवा. माझी बॅटरी तीन सेलची, म्हणून मी ४५ घेतली.

एक राहिलंच. नवी मोटर थेट गाडीत घालू नका. तीनेक व्होल्टवर, भार न देता काही मिनिटं फिरू द्या, म्हणजे ब्रश कम्युटेटरच्या गोलाईवर नीट बसतात. पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) लावताना दातांमध्ये कागदाची पट्टी घालून मोटर कसा, मग पट्टी काढा. टायमिंग (ब्रशची जागा थोडी पुढे-मागे करणं) बदलता येत असेल तर शून्यावर ठेवा, क्रॉलरला रिव्हर्सही तितकाच लागतो. आणि उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत डोंगरावर जा.

परवा सुटे ब्रश मागवले. विक्रेत्याला आधीच लिहून दिलं: कार्बन ब्रश, कोड ८५४५, 'टॉय' हा शब्द कुठेही नको. पार्सल आठव्या दिवशी प्रतापनगरला घरी आलं, मध्ये एकही फोन न करता.