किलमार्टिन : ऊन तिरपं असेल तरच दिसणारं स्कॉटलंड

दुपारी बारा वाजता किलमार्टिन गावाजवळच्या अखनाब्रेकच्या कातळावर पोहोचलात तर इथे काहीच नाही असं वाटेल. करडा खडक, त्यावर शेवाळ, भोवती कुंपण, एक माहितीफलक. फलकावरच्या चित्रातली वर्तुळं समोर काही केल्या सापडत नाहीत. पाच मिनिटं डोळे ताणून लोक मोबाईलवर दोन फोटो काढतात आणि गाडीकडे वळतात. मला या प्रकाराचा खरोखर वैताग येतो. ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या कातळशिल्पांपैकी काही इथे आहेत, सगळ्यांत मोठ्या वर्तुळाचा व्यास जवळजवळ मीटरभर आहे, आणि सहलीचं वेळापत्रक आखणाऱ्याने लोकांना नेमकं त्याच वेळी तिथे उभं केलेलं असतं जेव्हा ती दिसूच शकत नाहीत.

कारण साधं आहे. ही शिल्पं म्हणजे खडकावर दगडाने टोचून टोचून केलेले उथळ खळगे आणि त्यांच्याभोवतीची वर्तुळं. चार-पाच हजार वर्षांच्या पावसाने त्यांच्या कडा बोथट झाल्या आहेत. डोक्यावरच्या उन्हात खळग्यात सावली पडत नाही आणि सावली नाही तर आकृती नाही. सूर्य खाली आला की प्रत्येक कडेची सावली लांबते आणि दुपारी कोऱ्या वाटलेल्या दगडावर एकात एक वर्तुळं उमटायला लागतात. म्हणून सकाळी लवकर जा किंवा संध्याकाळी उशिरा. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवून गेलं तरी चालतं. डिसेंबरात चारच्या आत अंधारतं, पण सूर्य दिवसभर खालीच असतो, त्यामुळे ढग नसतील तर हिवाळी दुपारही उत्तम.

ढग असतील (बहुधा असतातच) तर टॉर्च न्या. संधिप्रकाशात टॉर्च जवळजवळ जमिनीला टेकवून, कातळाला समांतर, बाजूने मारायचा. फोटो काढणारा एक आणि टॉर्च धरणारा दुसरा, दोघांमध्ये काटकोन. मोबाईलचा फ्लॅश समोरून पडतो, त्याने उरलीसुरली सावलीही जाते. तो बंदच ठेवा. नुकता पाऊस होऊन गेला असेल तर खळग्यांत पाणी साचतं आणि नक्षी आपोआप उठून दिसते, मात्र ओला खडक चमकतो, म्हणून उभं राहण्याची जागा बदलून बघावी लागते. खडूने रेषा गिरवणं किंवा शेवाळ खरवडणं अजिबात नको. संरक्षित स्मारकाला इजा करणं हा तिथे गुन्हा आहे. शिवाय बुटाच्या तळाला अडकलेली खडी कातळावर फिरली की पॉलिश-पेपरचं काम करते, तेव्हा आकृत्यांवरून चालू नका. बाजूला बघण्यासाठी जागा केलेली आहे.

हे सगळं अर्गाइल परगण्यात, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत. ग्लासगोहून ए-८२, मग ए-८३ने इन्व्हरेरीवरून लॉखगिल्पहेड आणि तिथून ए-८१६ने उत्तरेला. अखनाब्रेकचा फाटा गाव सोडल्यावर लगेच येतो, किलमार्टिन गाव त्याच्यापुढे. अडीच तास धरा. भारतातून किंवा लंडनहून येणारी आपली मंडळी एडिनबरा, लॉख नेस आणि स्काय उरकून परततात, इकडे फारसं कोणी वळत नाही. एका अर्थी बरंच आहे. गाव म्हणजे एक चर्च, एक हॉटेल, एक संग्रहालय आणि थोडी घरं. भोवतीच्या सहा मैलांत मात्र साडेतीनशेच्या वर प्राचीन अवशेष आहेत.

पायी फिरायचं तर संग्रहालयामागे उतरून दरीतला जुना बग्गीरस्ता धरा. दगडांच्या प्रचंड राशी रचून केलेली थडगी (केर्न) एका ओळीत येतात: ग्लीब केर्न, मग नेदर लार्गी नॉर्थ, मिड, साउथ आणि शेवटी री क्रुइन. टेंपल वूडच्या दगडी वर्तुळापर्यंत जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर, चढ जवळजवळ नाही. पायात मात्र गमबूट हवेत किंवा निदान पाणी न शिरणारे बूट. कुरणं सपाट असल्याने पाणी निचरत नाही आणि फाटकांपाशी गुरांच्या खुरांनी चिखलाचा काला झालेला असतो. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर आपल्यामागे बंद करायचं. एप्रिल-मे हा मेंढ्या विण्याचा काळ, तेव्हा त्यांच्यापासून लांबूनच जा.

या राशींपैकी दोनच आतून बघण्यासारख्या. साउथ ही सगळ्यांत जुनी, नवाश्मयुगातली. आतली खोली सहा मीटर लांब, आडव्या शिळांनी तिचे चार कप्पे केलेले. वाकून आत शिरता येतं. नॉर्थच्या माथ्यावर झडप आहे. ती सरकवून खाली उतरलं की शवपेटीवरची शिळा दिसते, तिच्यावर कुऱ्हाडीच्या पात्यांच्या आकृत्या आणि खळगे कोरलेले. इथेही टॉर्च बाजूनेच मारायचा. वर येताना डोकं सांभाळा आणि झडप परत लावा, नाहीतर पाऊस थेट आत जातो. मिड आणि ग्लीब बाहेरून बघून पुढे गेलात तरी काही बिघडत नाही.

टेंपल वूडच्या दक्षिणेकडच्या वर्तुळात एका दगडावर सर्पिल कोरलेलं आहे, दगडाच्या एका बाजूवरून वळून दुसऱ्या बाजूवर गेलेलं. ते शोधायला वेळ द्या, कारण ते तळाशी आहे आणि गवत वाढलं की अर्धं झाकतं. समोरच्या शेतातले उभे दगड माणसाच्या दीडपट उंच आहेत. अलेक्झांडर थॉम या अभियंत्याने त्यांची मोजणी करून ही चंद्राची वेधशाळा असावी असं मांडलं होतं. चंद्राच्या उगवण्या-मावळण्याच्या टोकांचं चक्र १८.६ वर्षांचं असतं, ते पकडायला पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवावी लागेल. मला हा दावा जरा ताणलेला वाटतो. दगड मात्र बघण्यासारखेच. चालायचं नसेल तर लेडी ग्लासरी वूडच्या वाहनतळावर गाडी लावा, छोटा पूल ओलांडला की दगड समोरच.

दुपारच्या सपाट उजेडात कातळ-दगड पाहायचेच नाहीत, ती वेळ संग्रहालयाला द्यायची. १९९७ला सुरू झालेलं हे संग्रहालय नूतनीकरणानंतर २०२३मध्ये पुन्हा उघडलं. तिकीट इथेच लागतं, बाकीची ठिकाणं फुकट. उत्तरेला कार्नासरी किल्ला आहे, धर्मगुरू जॉन कार्सवेलचा. त्याने केलेलं प्रार्थनापुस्तकाचं भाषांतर १५६७मध्ये छापलं गेलं आणि ते गेलिक या इथल्या जुन्या भाषेतलं पहिलं छापील पुस्तक. किल्ला १६८५च्या बंडात सुरुंगाने उडवला. वरचं दगडकाम तपासायचं म्हणून असे किल्ले अधूनमधून कुंपण घालून बंद करतात, तेव्हा निघण्याआधी खात्री करून घ्या.

दुनाड मात्र कधीच चुकवू नये. मॉइन व्होर नावाच्या दलदलीतून एकदम वर आलेली ही खडकाळ टेकडी, उंची जेमतेम ५४ मीटर. सहाव्या ते नवव्या शतकात डाल रिअडा या गेलिक राज्याचा हा बालेकिल्ला होता. ६८३मध्ये त्याला वेढा पडल्याची नोंद आहे आणि ७३६मध्ये पूर्वेकडच्या पिक्ट लोकांचा राजा ऑंगसने तो घेतला. खडकातल्या नैसर्गिक खाचेतून दरवाजा, वर एकावर एक पायऱ्यांसारखे तट. माथ्याच्या जरा खाली, सपाट शिळेवर, कोरलेलं पाऊल. नव्या राजाने त्यात पाय ठेवला की तो राजा झाला, असं मानतात. आपल्याला पावलं म्हटली की पादुका आठवतात, पण हे पूजेचं नाही. यात पाय घालायचा असतो आणि येणारा प्रत्येक जण तो घालतोच. हरकत नाही, कारण तुम्ही ज्यात पाय घालता ती प्रतिकृती आहे. खरी शिळा झीज थांबावी म्हणून तिच्याखाली झाकून ठेवली आहे. शेजारी कोरलेला रानडुक्कर आणि ऑघम या जुन्या आयरिश लिपीची ओळही झाकलेलीच. काही जण हे कळल्यावर हिरमुसतात. मला हा निर्णय पटतो, फक्त फलकावर तो ठळक लिहायला हवा होता.

उत्खननात इथे दागिने ओतण्याचे साचे, गॉलमधून (आजच्या फ्रान्सकडून) आलेली मडकी आणि हरताळाचा खडा सापडला. हरताळ हे हस्तलिखितं रंगवायचं पिवळं द्रव्य आणि ते भूमध्य समुद्राकडून इथवर आलेलं. आजूबाजूला नुसता चिखल आणि मेंढ्या बघून हा मागास कोपरा असेल असं वाटतं, पण त्या काळी रस्ता म्हणजे समुद्र होता आणि समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. चढायला वीस मिनिटं पुरतात, मात्र ओला खडक निसरडा असतो आणि उतरताना जास्त जपावं लागतं. पायथ्याकडे येणारा रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे. वाहनांना बाजू देण्यासाठी ठेवलेल्या जागेत गाडी उभी करू नका, ट्रॅक्टर अडतो आणि शेतकरी योग्य ते बोलतो.

मिज नावाची चिलटं हा इथला खरा त्रास. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, वारा पडला आणि उजेड मंद झाला की ती ढगाने येतात, म्हणजे कातळशिल्पांची वेळ आणि यांची वेळ एकच. वारा थोडा जोरात असेल तर ती उडूच शकत नाहीत. म्हणून वाऱ्याची संध्याकाळ निवडा किंवा डोक्यावरून ओढायची जाळी घ्या. ती दिसायला हास्यास्पद आहे, तरी घ्या. उंच गवतात गोचीड असतात. रात्री गुडघ्यामागे आणि कमरपट्ट्याखाली तपासा, सापडली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. म्हणूनच मी मेचा पहिला पंधरवडा सांगेन: पाऊस त्यातल्या त्यात कमी, दिवस लांब, चिलटं अजून जागी व्हायची.

गाडी नसेल तर ओबान-लॉखगिल्पहेड बस गावातून जाते, पण दिवसाला मोजक्याच फेऱ्या, आणि रविवारी तिच्यावर विसंबू नका. शाकाहारी असाल तर लॉखगिल्पहेडच्या सुपरमार्केटातून डबा भरून घ्या, गावात उशिरा काही मिळायची शाश्वती नाही. ग्लासगोला परतताना ए-८३वरचा रेस्ट अँड बी थँकफुलचा घाट दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे. जोराचा पाऊस झाला की तो बंद होतो आणि वाहतूक खालच्या जुन्या लष्करी रस्त्याने, गाड्यांचा तांडा करून, आळीपाळीने सोडतात. संध्याकाळचं विमान असेल त्या दिवशी हा रस्ता धरू नका.