‘येतो’ म्हणून गेलेला

मराठीत निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तो लगेच दारातून मागे फिरणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. माझ्या डेस्कटॉपला मात्र हे कुणी सांगितलं नसावं. शटडाऊन म्हटलं की तो शहाण्यासारखा आवराआवर करायचा, पडदा काळा करायचा, पंखे थांबवायचा. मी खुर्ची सरकवून उठतो न उठतो तोच कॅबिनेटमध्ये ‘टक्’ व्हायचं, पंखे घुरघुरायला लागायचे आणि पडद्यावर पासवर्डची चौकट हजर.

पहिले दोन दिवस मी स्वतःलाच बोल लावला. मेनूत शटडाऊन आणि रीस्टार्ट एकाखाली एक असतात, झोपाळलेल्या डोळ्यांनी एक ओळ चुकणं काही अवघड नाही. तिसऱ्या रात्री चष्मा लावून, शब्दावर बोट ठेवून क्लिक केलं. तरी आलाच परत. मग बटण दाबून धरलं. चार-पाच सेकंदांत यंत्र गप्प पडलं, पण ते काही बंद करणं नव्हे. ते तोंड दाबणं झालं.

बटण म्हणजे बंद, ही समजूत माझ्या डोक्यात जुन्या संगणकांनी घातलेली. त्या कॅबिनेटांना खराखुरा खटका होता, भिंतीकडून आत येणारी वीजच तोडणारा. विंडोज ९५ सगळी आवराआवर करून काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत सांगायची की आता संगणक बंद करायला हरकत नाही. पुढचं काम आपलं. खाट्कन खटका दाबायचा, विषय संपला. १९९५ मध्येच एटीएक्स नावाची नवी रचना आली आणि हळूहळू हा खटका गेला. तिथे बसलेलं मऊ बटण मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट पट्टीला, नुसती विनंती करतं, वीजपुरवठा तोडायचा की नाही ते मदरबोर्ड आणि विंडोज आपसात ठरवतात. शिवाय एसएमपीएसमधून, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, पाच व्होल्टची एक बारीक धार जांभळ्या वायरीतून चालूच राहते. म्हणजे ‘बंद’ संगणक एका कुशीवर पडलेला असतो, कान उघडे ठेवून.

हे एकदा कळल्यावर प्रश्न बदलला. हा बंद का होत नाही, हे विचारण्यात अर्थ नव्हता. बंद होता होता कोसळतोय, की नीट बंद झाल्यावर याला कुणी उठवतंय? दोन्हीचा शेवट सारखाच दिसतो, कारण विंडोजला मुळातच अशी सवय लावलेली असते की काही बिघडलं तर निळा पडदा दाखवून लगेच रीस्टार्ट व्हायचं. शटडाऊनच्या शेवटच्या क्षणी एखादा ड्रायव्हर, म्हणजे एखादा सुटा भाग चालवणारा प्रोग्रॅम, आडवा पडला, तर निळा पडदा डोळ्यांना दिसायच्या आत यंत्र पुन्हा उभं. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची टिक काढली की तो पडदा निदान थांबून आपलं गाऱ्हाणं सांगतो. टिक काढली. पडदा आलाच नाही.

इथे मला कुठल्याही मेनूपेक्षा कानांनी जास्त मदत केली. साध्या रीस्टार्टमध्ये बहुतेक वेळा पंखे थांबत नाहीत. माझे थांबत होते. पूर्ण थांबत होते, दोन आकडे मोजावेत इतकी शांतता व्हायची, आणि मग टक्. इव्हेंट व्ह्यूअर ही यंत्राची रोजनिशी उघडली, तर तिथेही साक्ष तीच. १०७४ क्रमांकाच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेलं, की मागणी ‘पॉवर ऑफ’ची होती. त्याखाली ६००६, म्हणजे नोंदवही रीतसर मिटली. अवचित बंद पडल्याची ४१ क्रमांकाची नोंद नव्हतीच. बिचारा गेला होता. त्याला कुणीतरी हाक मारून परत बोलावत होतं.

मधे एक दिवस विंडोजच्या फास्ट स्टार्टअप नावाच्या सोयीच्या मागे लागून वाया घालवला. पण त्यात एक गंमत हाती लागली, ती सांगतोच. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, नेहमीचं शटडाऊन हे पुरतं शटडाऊन नसतं. आपले प्रोग्रॅम मिटतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो, उद्या लवकर उठता यावं म्हणून. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून पुसून नव्याने मांडतात. म्हणजे ज्याला खरोखर बंद व्हायचंय त्याने रीस्टार्ट व्हावं! हे असं शब्दांचं बारसं कुणी केलं देव जाणे. शिफ्ट दाबून शटडाऊन केलं तर पूर्ण बंद होतं. मी तेही केलं. तेव्हाही तो ‘येतो’ म्हणाला आणि आला.

मग अक्कल बाजूला ठेवली आणि वायरी उपटायला घेतल्या. एका वेळी एकच, दर वेळी शटडाऊन, दर वेळी दोन आकडे मोजायचे. प्रिंटर काढला, आला. यूएसबी हब काढला, आला. कीबोर्डही काढून पाहिला, तरी आला. कॅबिनेटच्या मागे टॉर्च घेऊन वाकलो होतो, तेव्हा त्या दोन आकड्यांच्या शांततेत, यंत्र बंद असताना, राउटरकडून येणाऱ्या लॅन केबलच्या तोंडाशी एक हिरवा दिवा लुकलुकताना दिसला. घर झोपलंय आणि एकाच खिडकीत उजेड. केबल ओढली. शटडाऊन केलं. एक, दोन, दहा, साठ. शांत.

ही केबल ज्यात खोचतात त्या नेटवर्क कार्डाला दुरून संगणक उठवायची सोय असते, वेक-ऑन-लॅन. त्यासाठी ठरलेला निरोप लागतो. आधी ‘एफएफ’ हा बाइट सहा वेळा, मग त्या कार्डाचा स्वतःचा पत्ता सोळा वेळा, असे एकूण १०२ बाइट. सोळा वेळा नाव घेऊन हाक मारल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम मला फार समंजस वाटला. पण ड्रायव्हरमध्ये आणखीही एक सेटिंग असते, ‘पॅटर्न मॅच’. ती चालू असली की त्या विशेष निरोपाशिवाय जाळ्यावरच्या नेहमीच्या ओळखीच्या पॅकेटांनीही, म्हणजे साध्या निरोपांनीही, कार्ड जागं होऊ शकतं. आणि घरातल्या जाळ्यावर फोन, टीव्ही, राउटर दिवसरात्र एकमेकांना ‘आहेस का, आहेस का’ विचारत असतात. माझ्या कार्डाला ते विचारणं आपल्यालाच वाटत होतं.

दोन टिका काढल्या, पॅटर्न मॅचची आणि शटडाऊननंतर जागं राहण्याची. केबल परत खोचली. त्या रात्री शटडाऊन करून मी उगाचच दोन मिनिटं खोलीत उभा राहिलो. मागचा हिरवा दिवा विझला होता. माऊसच्या पोटातला लाल दिवा मात्र टेबलावर मंद सांडत होता, त्याच पाच व्होल्टच्या धारेवर. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ‘ईआरपी’ ही वीजबचतीची सोय चालू केली तर तोही विझेल, हे मला माहीत होतं.

राहू दिला.