आज गोळी झाडली नाही

पहाटेपासून एका म्हाताऱ्या केप बफेलोच्या, म्हणजे आफ्रिकी रानरेड्याच्या, मागावर होतो. झिंबाब्वे, झांबेझीचं खोरं, मोपानी झाडांचं रान. अकराच्या सुमारास साठेक पावलांवर तो दिसला, पण तिरका उभा, आणि लगेच मागे दोन माद्या.

रायफल ३७५ एच अँड एच, १९१२ सालापासून चालत आलेलं काडतूस. पहिली ३०० ग्रेन वजनाची पसरणारी गोळी, तिच्याखाली सॉलिड, म्हणजे न पसरणारी. सॉलिड आरपार जाऊन मागच्या जनावराला लागू शकते, म्हणून कळपात ती आधी नको. पसरणारीसुद्धा कधी पार जाते, हे मनात होतंच.

बफेलोचं हृदय वाटतं त्यापेक्षा बरंच खाली असतं. आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. नेम थोडा वर गेला तर फुप्फुसं मिळतात, मागे गेला तर पोट. मग जखमी जनावर दाट झुडपात शिरतं, आणि रक्ताचा माग काढत सगळ्यात पुढे माझा ट्रॅकर चालणार, मी नाही. त्याला घरी दोन लहान मुली आहेत.

त्याने वारा बघायला राखेची पुरचुंडी झटकली. वारा फिरला होता. बफेलोंच्या पाठीवरचे पक्षी ओरडत उडाले, कळप धुळीत गेला. मी रायफल खाली घेतली. त्याने नुसती मान हलवली.