तुम्ही विचारलेत म्हणून : ताटाची डावी बाजू

“काका, आता तुम्ही दोघेच तर आहात. मग दुकानात मिळणारी ती तयार जेवणाची पाकिटे का आणत नाही? आणि आणली असतील तर खरे सांगा, खाण्यासारखी असतात का हो ती?” गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला जिन्यात, तलावपाळीच्या बाकावर, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर मुंजीच्या पंगतीतही विचारला गेला आहे. मी ३१ वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. त्यामुळे पाकिटात नेमके कोणते ‘केमिकल’ असते हे मला ठाऊक असलेच पाहिजे, असा विचारणाऱ्यांचा समज असतो. जिन्यात उभ्याउभ्या दिलेले उत्तर दरवेळी अर्धवट राहते, म्हणून एकदा नीट बसून लिहून काढतो.

प्रसंग असा घडला, की फेब्रुवारीत माझी पत्नी ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीच्या ओल्या पायरीवरून घसरली, डाव्या मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवड्यांचे प्लास्टर हातावर चढले. मला चहा करता येतो, कुकर लावता येतो आणि कोणी लाटून दिली तर पोळी भाजता येते. त्यापुढे माझी मजल नाही. पहिला आठवडा शेजाऱ्यांच्या डब्यांवर निभावला आणि पुढचे दिवस नौपाड्यातल्या पोळी-भाजी केंद्राने तारून नेले. रविवारी संध्याकाळी मात्र आमचे केंद्र बंद असते. अशाच एका रविवारी, महामार्गालगतच्या एका मोठ्या दुकानात अंगाचा साबण आणायला गेलेला मी, ‘दोघांसाठी भारतीय जेवण’ असे इंग्रजीत छापलेला एक खोका घेऊन घरी आलो. किंमत ४२० रुपये. साबण विसरलो.

खोक्यावरचे चित्र पाहण्यासारखे होते. तांब्याच्या हंडीत डाळ, तिच्यावर साईची नक्षी, शेजारी फुगलेला नान, कांद्याच्या चकत्या, लिंबाची फोड, हिरवीगार कोथिंबीर आणि मागे एका वाटीत लोणचे. चष्मा पुसून वाचावे लागेल अशा अक्षरांत खाली लिहिले होते, की हे चित्र म्हणजे केवळ वाढण्याची एक कल्पना आहे. आत चार चपट्या पिशव्या निघाल्या: एक दाल मखनीची, एक लाल रश्शातल्या पनीरची आणि दोन जिरा राइसच्या. नान, कांदा, लिंबू, कोथिंबीर, लोणचे यांपैकी काहीही नव्हते. तसे लिहूनच ठेवले असल्यामुळे याला फसवणूक म्हणता येणार नाही. पण चित्र काढणाऱ्याला जेवणातले जे कळत होते, ते खोका भरणाऱ्याला कळत नव्हते, एवढे नक्की.

आता आधी ‘केमिकल’चा प्रश्न निकालात काढतो, कारण तोच सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे. फ्रिजबाहेर वर्षभर टिकणारी अशी पिशवी टिकते ती उष्णतेमुळे. टिकवण्यासाठी त्यात वेगळे परिरक्षक घालण्याची गरजच नसते. आपण घरी आधी शिजवतो आणि मग डब्यात भरतो. कारखान्यात अन्न पिशवीत भरून पिशवी आधी हवाबंद करतात आणि मग ती एका प्रचंड प्रेशर कुकरमध्ये ठेवून साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरचे तापमानही शिटीच्या वेळी जवळजवळ तेवढेच असते. हा आकडा निवडण्यामागे कारण आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, हवा नसलेल्या ठिकाणी ते सुखाने वाढतात आणि अत्यंत जहाल विष तयार करतात. त्यांना संपवायचे तर पिशवीच्या अगदी मध्यापर्यंत ही उष्णता काही मिनिटे पोहोचलीच पाहिजे. पिशवी चपटी असल्यामुळे गोल डब्यापेक्षा तिच्यात उष्णता मध्यापर्यंत लवकर पोहोचते आणि कडेचे अन्न त्यामानाने कमी रापते. बाहेरून पॉलिएस्टर, मध्ये ॲल्युमिनियमचा वर्ख आणि आतून पॉलिप्रॉपिलीन असे थर एकमेकांना चिकटवलेले असल्याने नंतर आत हवा, उजेड किंवा ओल शिरत नाही.

हवाबंद करून मग तापवण्याची कल्पना फ्रान्समधल्या निकोला अपेर या हलवायाची. काचेच्या बाटल्यांना बुचे मारून त्या उकळण्याची आपली पद्धत त्याने १८१० साली प्रसिद्ध केली आणि फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळवले. अन्न का टिकते हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. ते पुढे पाश्चरने सांगितले. आपल्याकडे या विद्येवर मोठे काम झाले ते म्हैसूरला, १९६१ साली स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत, सीमेवरच्या जवानांसाठी. राकेश शर्मा १९८४ साली अंतराळात गेले, तेव्हा त्यांच्यासाठीचे भारतीय पदार्थ याच प्रयोगशाळेने तयार केले होते. तेव्हा पाचपाखाडीतल्या दोन म्हाताऱ्यांच्या जिवाला त्यापासून धोका नाही, अशी खात्री मी पत्नीला दिली. ती म्हणाली, “जिवाला नसेल हो, पण चवीचे काय?”

चवीकडे वळतो. सूचनेप्रमाणे चारही पिशव्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवल्या आणि चिमट्याने काढून, फडक्यात धरून, कात्रीने कोपरे कापले. पहिली गोष्ट जाणवली ती ही, की डाळ आणि पनीर या दोन्ही पिशव्यांना वास जवळजवळ एकच होता: शिजलेल्या टोमॅटोचा आणि गरम मसाल्याचा. घरच्या आमटीत हिंग वेगळा कळतो, कढीपत्ता वेगळा, वरून पेरलेली कोथिंबीर आणखी वेगळी, कारण त्या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या वेळी भांड्यात पडतात. बंद पिशवीत सगळ्यांनी एकत्रच १२१ अंश भोगलेले असतात; कोथिंबिरीसारख्या नाजूक वासाचा तर त्यात मागमूसही उरत नाही.

तरीही डाळ चांगली होती, हे मान्य केले पाहिजे. उडीद आणि राजमा ही मुळात तासन्‌तास शिजवायचीच कडधान्ये असल्यामुळे जास्तीच्या उष्णतेने त्यांचे काही बिघडत नाही. उलट डाळ मिळून आली होती. पनीरची गोष्ट उलटी. त्यातली प्रथिने तापून आवळतात, पाणी बाहेर टाकतात आणि शेवटी हातात उरते ते खोडरबर; ३१ वर्षे फळ्यासमोर काढलेल्या माणसाने ही उपमा दिली तर ती अतिशयोक्ती समजू नये. भाताची तर अक्षरशः वीट निघाली. शिजलेला भात थंड झाला की त्यातले पिष्ट पुन्हा कडक होते, तेच इथेही झालेले असल्याने तो काट्याने फोडून, पाण्याचा हबका मारून पुन्हा वाफवावा लागला. दोघांच्या पोटाला मात्र तो सगळा ऐवज पुरला; डाळ तर वाटीभर उरली.

मी मोठ्या हौसेने दोन ताटे मांडली. डाळ, पनीर आणि मध्ये भाताची मूद. अगदी खोक्यावरच्या चित्राशी स्पर्धा करावी अशी. पत्नी खुर्चीवर येऊन बसली, डावा हात गळ्यातल्या झोळीत, आणि ताटाकडे पाहून म्हणाली, “अहो, हे सगळे उजवीकडचेच आहे. डावीकडे काय वाढणार?”

ज्यांची पंगतीत वाढण्याची सवय मोडली आहे, त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या ताटात वरच्या बाजूला मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, लोणचे, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटी, मध्ये वरण-भात. उजवी बाजू पोट भरण्याची आणि डावी चवीपुरती, असे मी आजवर धरून चाललो होतो. त्या रात्री पहिला घास खाल्ला आणि चौथ्या घासाला कंटाळा आला, तेव्हा माझी ती समजूत चुकीची असल्याचे कळले. डाळ वाईट नव्हती. पण पहिल्या घासाला जशी होती, तशीच ती चौथ्यालाही होती आणि दहाव्यालाही तशीच राहणार होती.

फ्रिजमध्ये एक काकडी होती. पत्नीच्या सांगण्यावरून मी आयुष्यात पहिल्यांदा ती चोचवायला घेतली. काकडी सोलून डाव्या हातात उभी धरायची, सुरीने तिच्या टोकावर आडवे-उभे बारीक घाव घालायचे आणि मग वरचा थर कापून काढायचा. किसलेली चालत नाही, तिला तो करकरीतपणा येत नाही. माझे पहिले तुकडे फाशाएवढे पडले. “बारीक. अजून बारीक. बोट सांभाळा,” अशा सूचना खुर्चीवरून येत होत्या. दाण्याचे कूट, लिंबू, चिमूटभर साखर आणि तुपात जिरे-मिरचीची फोडणी झाल्यावर मी मिठाकडे हात नेला, तेव्हा ती जवळजवळ ओरडली, “मीठ आता नको, पाणी सुटेल, अगदी पानात वाढताना घाला.” बटाट्याच्या फोडीला मीठ लावून परासरण मी किती तुकड्यांना शिकवले असेल याची गणती नाही, पण ते परासरण आमच्या घरातल्या कोशिंबिरीत रोज अडवले जात होते, हे मला त्या दिवशी कळले.

कोशिंबीर आली, लिंबाची फोड आली, बरणीतून लोणच्याची एक फोड आली, आणि तीच डाळ वेगळी लागू लागली. एका घासाबरोबर काकडी, दुसऱ्याबरोबर लोणचे, तिसऱ्यावर लिंबू पिळलेले. जेवणारा आपले जेवण आपल्या जिभेप्रमाणे बदलून घेतो ते या डाव्या बाजूच्या जोरावर. मीठ ताटात वेगळे वाढण्याचा अर्थही मला तिथेच लागला: तो आमच्या पिशवीच्या अगदी उलट आहे. खोक्याच्या पाठीवरचा तक्ता मी नंतर कागद-पेन्सिल घेऊन वाचला. दिवसाला २,००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ, ही मर्यादा धरून आपल्याकडच्या पाकिटांवर टक्केवारी छापतात, आणि त्या हिशेबाने एका जेवणातच आम्हा दोघांचाही निम्म्याहून अधिक वाटा संपला होता. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला घरी मीठ कमी घेता येते. पिशवीतून ते परत काढता येत नाही.

माझा एक पुतण्या लंडनला असतो. तिकडे ‘दोघांसाठी भारतीय जेवण’ हा नेहमीचा प्रकार आहे, असे त्याने फोनवर सांगितले. दोन रस्से, भात आणि नान असा खोका शीतकपाटातून घ्यायचा आणि थोड्याच दिवसांत संपवायचा. भारतीय जेवण म्हणजे रस्सा आणि भात, हे समीकरण तिकडे जुनेच असावे. पाटण्याच्या साके दीन महंमद यांनी लंडनमध्ये हिंदुस्तानी खाणावळ काढली ती १८१० साली, म्हणजे अपेरने आपल्या बाटल्यांची युक्ती प्रसिद्ध केली त्याच वर्षी. दोनच वर्षांत त्यांचे दिवाळे निघाले. तिकडच्या माणसाने जेवणाला एकच रस्सा समजावे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण तोच खोका ठाण्यात, गावदेवीच्या मंडईपासून हाकेच्या अंतरावर, लिंबाच्या फोडीवाचून विकला जावा, हे मात्र मला पटत नाही.

तेव्हा विचारलेतच, तर माझे उत्तर असे आहे. पिशव्या आणायला हरकत नाही, पण खोका आणू नका. दाल मखनी, राजमा, छोले घ्या. पनीर घेऊ नका आणि पालक तर मुळीच नको, कारण इतक्या उष्णतेने पानांतल्या हरितद्रव्याचा रंग बदलतो आणि भाजी शेवाळी दिसू लागते. भात घरी कुकरला लावा. डाळ पातेल्यात ओतून तिच्यावर पळीभर लसूण-मिरचीची फोडणी घाला, आणि मीठ आधीच भरपूर असल्यामुळे पापड त्या दिवशी टाळा. पोळी-भाजी केंद्र उघडे असेल तर मात्र तिकडेच जा. तिथली मावशी आमच्या पुड्यात न सांगता ओल्या खोबऱ्याची चटणी बांधते.

एक गोष्ट राहिली. रिकाम्या पिशव्या मी धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात ठेवल्या होत्या. कचरा नेणाऱ्या बाईंनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाल्या, “याला कोणी घेत नाही, काका.” प्लास्टिक आणि धातू असे चिकटलेले असले की वेगळे करणे परवडत नाही, हे मला कळायला हवे होते. त्या बाईंना पाहताक्षणी कळले.

पत्नीचे प्लास्टर निघून आता बरेच दिवस झाले. अडीअडचणीला असाव्यात म्हणून डाळीच्या दोन पिशव्या अजूनही फडताळात आहेत, पण त्या तिने मागे सरकवून ठेवल्या आहेत आणि त्यांच्यापुढे लिंबाच्या लोणच्याची बरणी मांडली आहे. पिशवी काढायची तर आधी बरणी बाहेर काढावी लागते.